भागीरथीबाईंच्या फोटोखालची ओळ

वनमालाबाई चाळीस वर्षं मुलुंडला घरगुती मसाले विकतात आणि तितकीच वर्षं कुणावर विश्वास ठेवत नाहीत. नगरसेवकावर नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीवर नाही, मोबाइलवर तर नाहीच.

लेकीने, ऋतिकाने, अंधेरीच्या एका संग्रहालयाची वेबसाइट उघडून दाखवली. गिरणगावचे जुने फोटो. ज्याला जे ठाऊक, ते त्याने खाली लिहायचं. एका फोटोत खाणावळीच्या चुलीपुढे वनमालाबाईंची आई! खाली ओळ : ‘गिरणी कामगार जयवंत धुरी यांची पत्नी.’

“आणि आईचं नाव कुठाय?”

“तूच लिही ना. नंबर टाक, ओटीपी येईल.”

“माहिती आमची फुकट घेणार, वर ओटीपी? मला काय येडी समजलीस?”

दुसऱ्या दिवशी बाई थेट अंधेरीत. संग्रहालयातली शर्मिष्ठा फार गोड बोलली, तसा बाईंचा संशय दुप्पट झाला. गोड बोलणारा शेवटी सही मागतो, हे त्यांनी भोगलेलं.

“माझ्या आईचं नाव तुम्हीच उडवलंत ना?”

“नाही हो मावशी. लोकच लिहितात, लोकच सुधारतात.”

“म्हणजे मी लिहिलेलं उद्या कुणी सोम्यागोम्या खोडणार?”

“खोडेलही. पण जुनं पुसलं जात नाही. कुणी, कधी, काय लिहिलं, सगळं दिसतं.”

“दाखव.”

शर्मिष्ठाने क्लिक केलं. ओळ लिहिणारा : चंद्रप्रकाश धुरी, बोरीवली. सख्खा भाऊ!

बाईंनी तिथूनच भावाला फोन लावला आणि आईच्या नावाचा जाब थेट मालवणीत विचारला. “आवशीक नाव नव्हता काय रे मेल्या?”

“अगो, लोक बाबांच्या नावान वळखत. म्हणान लिवलंय.”

“संपात बाबा वरसभर घरी. तुका कोणी जेवक घातल्यान?”



फोन चालूच ठेवून बाईंनी वेबसाइटवर आपला नंबर दिला. ओटीपी स्वतःच दाबला, शर्मिष्ठाला बघूही दिला नाही. मग एका बोटाने लिहिलं : ‘भागीरथी धुरी. खाणावळ हिची स्वतःची. रोज चाळीस कामगार जेवायचे. संपात घर हिने चालवलं.’

चंद्रप्रकाश फोनवर अजून होताच. “बरा, चुकलंय. मी लिवलेली ती वळ पुसून टाक.”

“पुसणार नाय,” बाई म्हणाल्या. “ऱ्हवांदे. लोकांक कळांदे, आधी काय लिवलेलंस ता.”