‘जेवलात का’ काकू

कुणी औषध मागायला आलं की काकूंचा पहिला प्रश्न असायचा, "जेवलात का?" दिघीतल्या एका मेडिकलमध्ये त्या फार्मासिस्ट होत्या आणि मी शिकाऊ. गिऱ्हाइकं चेष्टा करायची. "का, ताट वाढताय?" "वाढते की. आधी हात धुऊन या."

नायट्याच्या कॅप्सूलबद्दल त्या जास्तच कडक. "इट्राकोनॅझोल पोटातल्या आम्लात विरघळतं, म्हणून भरल्यापोटी घ्या. मग तुमचं लिव्हर त्याचं दुसरं औषध बनवतं. तेही बुरशी मारतं, आणि रक्तात मूळ औषधापेक्षा तेच जास्त असतं. पण आधी पहिलं पोटातून पुढे तर गेलं पाहिजे!" त्या दुसऱ्याचं नाव हायड्रॉक्सी-इट्राकोनॅझोल. परीक्षेत मी त्याची रचना बिनचूक काढली होती. काउंटरवर मात्र माझा आवाज फुटायचा नाही. "कागदावर हुशार आहेस गं," काकू म्हणायच्या, "तोंडाने कधी होणार?"

आमच्या मालकांना एक सवय होती. चिठ्ठीत असो वा नसो, पैसे घेताना ते गल्ल्याजवळच्या डब्यातली ॲसिडिटीची गोळी प्रत्येक पाकिटात टाकायचे. "पोटाला बरी असते."

परभणीचा गणेश चाकणच्या कंपनीत कंत्राटावर होता. महिनाभर औषध घेऊनही नायटा कमरेवरून पाठीवर चढला होता. सुपरवायझरने सांगितलं होतं, बरा झाल्याशिवाय गेटवर येऊ नकोस. "काकू, एक दिवस चुकलो नाही बघा. सकाळी उपाशीपोटी ही, जेवल्यावर ती."

काकूंनी पाकीट उलटं केलं. उपाशीपोटीची गोळी आमचीच होती.

"आम्ल मारायचंही आपणच, आणि आम्ल लागणारं औषध द्यायचंही आपणच?" त्या मालकांवर कडाडल्या.

"पंधरा वर्षं देतोय. कोण मेलं?"

"मेलं नाही. बरंही झालं नाही. ह्याची नोकरी चाललीय!" मग गणेशकडे वळून म्हणाल्या, "चूक आमची आहे, बाबा. ही गोळी बंद कर."

मालक माझ्याकडे वळले. "तू शिकलेली ना? असं असतं का पुस्तकात?"

मला पान आठवत होतं. मी म्हणाले, "बघून सांगते."

"बघा! हिलाही माहीत नाही," मालक म्हणाले. गिऱ्हाइकासमोर दुकानाची चूक काढली म्हणून काकूंना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. ॲप्रनची घडी करताना त्या मला रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "डबा खाल्लास का?"

मालकांचा मला अजून संताप येतो. खरं सांगून एक बाई घरी बसली आणि गोळ्यांचा डबा जिथल्या तिथे राहिला. पण त्याहून जास्त संताप माझ्या त्या ‘बघून सांगते’चा येतो.

त्याच आठवड्यात एक बाई नायट्याची चिठ्ठी घेऊन आल्या. मालकांनी सवयीने गोळी टाकली. मी ती पाकिटातून काढून मालकांसमोर ठेवली. "ही ह्या औषधाबरोबर चालत नाही. पुस्तकात आहे. त्या दिवशीही मला माहीत होतं."

आवाज कापत होता, पण रस्त्यापर्यंत ऐकू गेला असावा. मग मी त्या बाईंकडे वळले.

"जेवलात का?"