टाकीतलंच पाणी

ऐंशीच्या दशकात ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये खिडक्यांवर वीजकेंद्राच्या धुराड्यांची राख रोज बसायची आणि मी हट्टाने रोज पुसायचे. एकदा मासोळ्यांच्या टाकीतला, कित्येक महिने न धुतलेला फिल्टरही साबणाने घासायला घेतला. पंखा दुरुस्त करायला आलेला म्हातारा मिस्त्री ते पाहून स्टुलावरून उतरला. नुसत्या पाण्याने त्याने कोपरापर्यंत हात धुतले, टाकीतलंच पाणी बादलीत काढलं आणि त्यात फिल्टरचा स्पंज दोनदाच हलका पिळला.

"अजून काळाच आहे की!" मी म्हणाले.

"राहू द्या बाई. थोडा मळच पानी सांभाळते. लय चकाचक केलं तं मासोळ्या मरतेत."

मासोळ्या जगल्या. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

आता पुण्यात मी खिडकीवरून बोट फिरवते. बोट स्वच्छ निघतं, आणि घर काही केल्या माझं वाटत नाही.