पांगुळगाड्याचं रोगण

आमच्याकडे बहिणीच्या पहिल्या लेकराला पांगुळगाडा मामानं द्यायचा असतो. धाकटी बहीण बाळंतपणाला वेल्ह्याकडच्या आमच्या वाडीत आली होती. लेक आठ महिन्यांची झाली तरी ती अजून आमच्याकडेच होती. दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याहून घरी गेलो तेव्हा सुतारानं गाडा करून ठेवला होता. तीन चाकं आणि उभं राहताना धरायला एक आडवी दांडी. मला वाटलं, मामा कॉलेजात जातो, तर कोरं लाकूड कसं द्यायचं?

राळ जवसाच्या तेलात उकळली की रोगण होतं, एवढं मी वाचलं होतं. केलं कधी नव्हतं. अंगणात तीन दगड मांडून मी ते शिजवलं आणि फडक्यानं गाड्याला लावलं. दिसायला सुरेख दिसलं, पण वाळेना. चौथ्या दिवशीही बोट टेकवलं तर चिकटायचं. शेळ्यांचे केस आणि भाताचा भुसा दांडीवर बसला. आधी वाटलं, थर जाड झाला असेल. मग वाटलं, सकाळच्या दवामुळे होत असेल. मी गाडा उन्हात ओढायचो, सावली आली की पुन्हा पुढे सरकवायचो. माझे वडील, आबा, गुरांकडे जाताना म्हणाले, आमच्या गुरांपेक्षा तुझा गाडाच जास्त चरतोय.

शेवटी आईनं सहज सांगितलं की सुतारानं गाडा आणला त्याच दिवशी तिनं त्याला करंजाचं तेल चोळलं होतं. रवी असो, कुऱ्हाडीचा दांडा असो, आमच्या घरात लाकडाला हे तेल लागतंच. ते तेल कधी वाळत नाही. त्याच्यावर रोगण कसं धरणार? चूक सापडल्याचा मला इतका आनंद झाला की आईनं ते का चोळलं, हे मी विचारलंच नाही. राख, गरम पाणी आणि खापरीच्या तुकड्यानं मी सगळं खरवडून काढलं.

या खेपेला खात्री हवी म्हणून भोरच्या बाजारात काष्ठौषधी विकणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, तेल उकळताना चिमूटभर मुरदाडशिंग टाका. त्यानं पिवळसर भुकटीची पुडी बांधून दिली. दोन दिवसांत रोगण काचेसारखं कडक झालं. आबांनी दांडीवर नख ओढून पाहिलं आणि मान हलवली. आमच्या घरात ती मोठी शाबासकी होती. भाची दांडीला धरून उभी राहिली आणि मी पुण्याला परतलो.

तीन आठवड्यांनी वर्गात शिशाचा धडा निघाला. प्राध्यापकांनी फळ्यावर शिसं असलेल्या पदार्थांची नावं लिहिली. त्यांत मुरदाडशिंग होतं. हे विष हळूहळू चढतं, लहान मुलांना लवकर बाधतं, असं सांगून ते पुढच्या धड्याकडे वळले. माझ्या डोळ्यांपुढे भाचीचे खालचे दोन नवे दात आले. सुट्टीत ती हाताला लागेल ते चावायची. तास संपल्यावर त्यांना विचारायला उठलो, पण दारापर्यंत जाऊन थांबलो. काय म्हणून विचारणार होतो? मी घरच्या लेकराला विष लावून आलोय, असं?

पत्र पाठवावं, तर वाडीत वाचणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं नसरापूरला उतरलो आणि पुढे चालत निघालो. वाटेत भेटलेल्या ओळखीच्या माणसांनी विचारलं, मधेच कसा आलास? ते घरचं काही वाईट सांगतील या भीतीनं मी थांबत नव्हतो.

अंगणात भाची गाड्याला धरून उभी होती. तोंड दांडीवर टेकलेलं, लाळ गळत होती. मी तिला उचललं आणि दांडी पाहिली. मधोमध चार बोटं जागेवरचं रोगण गेलं होतं. खाली पांढरं लाकूड दिसत होतं.

मी सगळं सांगितलं. सांगताना कुणाकडे बघवत नव्हतं. बहिणीनं लेकीला माझ्याकडून घेतलं आणि हळूच विचारलं, "दादा, किती दिसांत कळतं?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. तितकं शिकवलंच नव्हतं.

आईनं दांडीवरच्या पांढऱ्या जागेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "करंजाचं त्याल लई कडू असतं. पोरांनी तोंडात घालू न्हाई, म्हून लावलं व्हतं म्या."

गाडा खांद्यावर टाकून आबा सुताराकडे निघून गेले. मला चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही भाचीला भोरला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळे पाहिले, शिशाची निळसर रेघ उमटलीय का म्हणून हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं. आत्ता तरी काही दिसत नाही, म्हणाले. पोट दुखून रडते का, अंग पांढरं पडतं का, याकडे काही महिने लक्ष ठेवा. ते काही महिने मी पुण्यात काढले. वाडीकडचं कोणी भेटलं की आधी वाटायचं, तोंड चुकवून निघून जावं.

शिमग्याला घरी गेलो. भाची तोच गाडा ढकलत पायरीपर्यंत आली. दांडी नवी होती, करंजाच्या तेलानं काळपट झालेली. तिनं हात तोंडात घातला, तोंड वाकडं केलं आणि काढला. मी पिशवी खाली न ठेवताच बहिणीला विचारलं, पोट दुखून रडते का?

"दादा, पाणी तर पी आदी," ती म्हणाली.

मी पाणी प्यालो. पण तांब्याच्या काठावरून माझी नजर भाचीच्या हिरड्यांवर होती.