गाडीतला उन्हाळा

फीनिक्समधल्या किती घरांवर युलालियो ब्राकामोंतेनं छप्पर घातलं याची गणती नाही, आणि म्हातारपणी त्याच्याच घराचा एसी ऐन जूनच्या रणरणत्या उन्हात बंद पडला. सांगावं ना मुलीला! छे. लेतिसियानं टूसॉनहून फोनवर बजावलं होतं, "बाबा, आता आणखी एक कटकट झाली की घर विकायचं आणि इकडे यायचं." त्या घरात बायको गेली, तिनं लावलेलं लिंबू अजून परसात होतं. म्हातारा हट्टाला पेटला. रोज इस्त्रीचा शर्ट चढवायचा, शेजारपाजारी "दवाखान्यात मित्राला बघून येतो" म्हणायचा आणि दिवसभर शहरातल्या रुळांवरच्या थंडगार गाडीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा.

तिथं गारव्याला येणारे पुष्कळ होते, बहुतेक बेघर. त्यातला कर्टिस त्याचा दोस्त झाला. बर्फ झालेली पाण्याची बाटली मोज्यात गुंडाळून आणायचा आणि पहिला घोट म्हाताऱ्याला द्यायचा.

"उस्ताद, कुठे उतरणार?"

"ऊन उतरलं की!"

गारव्याच्या मंडळींचं हे ठरलेलं उत्तर, आणि त्यावर रोज तितकंच हसू.

एका दुपारी शेजारची ऑर्तेन्सिया चढली ती नेमकी समोरच बसली. "अगंबाई, भाऊ तुम्ही? कुठे उतरणार?"

"ऊन उतरलं की," सवयीनं जीभ बोलून गेली.

"शाब्बास उस्ताद!" कर्टिसनं मांडीवर थाप मारली.

ऑर्तेन्सियाच्या भुवया चढल्या. "हा कोण?"

"कोण जाणे! असले लोक गळ्यातच पडतात," युलालियो म्हणाला.

नेमका गाडीतला पहारेकरी मागे उभा. "काका, त्रास देतोय का हा?"

नुसतं 'नाही' म्हणायचं होतं, बाकी काही नाही! जन्मभर उंच छपरांवर न डगमगलेला माणूस इथं डगमगला. त्यानं मान हलवली, 'हो' म्हणून.

कर्टिसनं एकदाच बघितलं. "बरोबर आहे. मी यांना ओळखत नाही," म्हणाला आणि पुढच्या थांब्यावर भर उन्हात उतरला. बाटली युलालियोच्या मांडीवरच राहिली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑर्तेन्सिया जवळ सरकली. "भाऊ, तुमचा एसी बंद पडलाय ना? भिंतीपलीकडून घरघर ऐकू येईना, म्हणून मीच लेतिसियाला फोन केला. शनिवारी माणूस पाठवतेय ती. घर विकायचं नावसुद्धा काढलं नाही पोरीनं. तुमच्या तोंडून कधी ऐकायला मिळतंय, याची वाट बघत होती बिचारी."

म्हातारा धडपडत उठला, दाराशी गेला. गाडी केव्हाच पुढे आली होती, पहारेकरीही उतरून गेला होता.

"अहो, या उन्हात कुठे निघालात?"

"तो मित्र आहे माझा," युलालियो म्हणाला. आत्ता म्हणाला!