शिवणीवर पडलेले हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, तालमीतल्या जुन्या सोबत्यांना नाही. देवापुढे डोळे मिटून उभा राहतो, तेव्हा तिथेही हा विषय मी शिताफीने टाळत आलो आहे. मग तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा गेल्या रविवारी जे पाहिलं त्यानंतर गप्प बसणं जमत नाही, म्हणून असेल.

मी सोलापुरात मुलींच्या शाळेत कवायतीचा मास्तर आहे. गावात नाव बरं आहे. मुलींना लाकडी घोड्यावरून उड्या मारायला शिकवणारे मास्तर, अशी माझी ओळख करून देतात, आणि तेव्हा मी मिशीवरून बोट फिरवत खाली बघतो. लोकांना तो विनय वाटतो. विनय कसला! मला त्या वेळी नरसू आठवत असते.

नरसू, म्हणजे नरसम्मा, हातमागावर लुगडी विणणाऱ्या मल्लय्याची मुलगी. घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी मराठी. तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. अंगाने काटकुळी, पण मनगटं अशी की बघत राहावं. बापाच्या मागासाठी रोज रहाटावर सुताच्या कांड्या भरून भरून तिच्या हातांत एक जोर आला होता. मी पंचविशीतला, तालमीत तयार झालेला, आणि शाळेतली नोकरी अजून कच्ची. सकाळच्या वेळी शाळेच्या मागच्या अंगणात मुलींचा वर्ग घ्यायचो. कासोटा घट्ट खोचून पोरी धावत आल्या की भिंतीवरून शेजारपाजारची डोकी वर यायची. मल्लय्याने मुलीला पाठवलं ते एकाच अटीवर: त्याची विधवा आत्या वर्ग संपेपर्यंत दारात बसणार. तिला आम्ही सगळे आक्का म्हणायचो. आक्का अडकित्त्याने सुपारी कातरत बसायची, आणि तिची नजर माझ्यावरून हलायची नाही.

उडी कशी असते ते आधी सांगतो. घोडा म्हणजे चार पायांवर बसवलेला, काथ्या भरून चामड्यात शिवलेला लांबलचक ओंडका. लांबून धावत यायचं, उसळी देणाऱ्या फळीवर दोन्ही पाय आपटायचे, घोड्याच्या पलीकडच्या टोकाला एक जाड शिवण होती तिच्यावर दोन्ही तळवे टेकायचे, पाय पोटाशी घेऊन हातांमधून पुढे काढायचे आणि खाली उतरायचं. उतरताना तोल पुढे जातो. म्हणून पलीकडे झेलणारा उभा असतो. त्याने दंडाला धरायचं.

आमच्या तालमीत याची एक रीत होती, ती मी मुलींनाही लावली होती. धावण्याआधी उडी मारणाऱ्याने ओरडून विचारायचं, "हात?" झेलणाऱ्याने "हाय!" म्हटल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. आणि एकदा "हाय" म्हटलं, की मग अंगणात साप निघाला तरी झेलणाऱ्याची नजर समोरच्याच्या खांद्यावरून हलता कामा नये. आमचे उस्ताद या बाबतीत फार कडक होते. चुकलेली उडी त्यांनी शंभरदा माफ केली असेल. चुकलेला झेल नाही.

नरसू या "हाय"वर किती विसंबायची! बाकीच्या मुली घोडा जवळ आला की पाय आखडायच्या. ही मात्र समोर घोडाच नाही अशी धावायची. तळवे बरोबर शिवणीवर, पाय झर्रकन आत, आणि मग सगळं अंग माझ्या हातावर टाकून खाली. खरं म्हणजे ते अंग टाकणं मी मोडून काढायला हवं होतं. उतरताना स्वतःच्या पायांवर उभं राहायला शिकवायला हवं होतं. नाही शिकवलं. कुणीतरी आपल्यावर एवढा भरवसा टाकतं, हे मला आवडायचं. तेही कबूल करून टाकतो.

मग शाळेचा वार्षिक समारंभ आला. दोन दिवस आधी शाळेचे अध्यक्ष, त्यांना सगळे रावसाहेब म्हणत, चार मित्रांना घेऊन वर्ग बघायला आले. नरसूची उडी झाली. मी तिला नेहमीसारखं धरलं. रावसाहेब हसत म्हणाले, "मास्तर, तुम्ही मुली उडवताही छान, आणि धरताही छान." चौघे मित्र हसले. मीही हसलो. हसलो खरा, पण ते वाक्य अंगाला खाजकुइलीसारखं चिकटून बसलं. नोकरी पक्की करायची ती याच माणसाच्या सहीने. आणि गावात असली एक गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो?

पण थांबा. मी हे काय करतो आहे? कारणं देतो आहे. नको. कारणं नकोत.

समारंभाच्या दिवशी अंगणात मांडव घातला होता. पहिल्या रांगेत रावसाहेब, त्यांचे मित्र आणि शहरातली आणखी काही मोठी माणसं. मागे आईबाप. मल्लय्या धुतलेलं धोतर नेसून अगदी शेवटी उभा होता. नरसूने जमिनीला हात लावून कपाळाला लावला. मग तिचा तो खणखणीत आवाज आला, "हात?"

मी म्हणालो, "हाय!"

ती निघाली. पाऊल पहिलं, दुसरं, तिसरं, फळीचा आवाज. आणि त्याच वेळी मी मान वळवली. रावसाहेब बघतायत का, ते मी बघितलं. ते बघत होते. ते कडेच्या माणसाच्या कानाशी झुकत होते. माझा हात पुढे होता, तो मी मागे घेतला. घसरला नाही, उशीर झाला नाही. मी तो मागे घेतला.

नजर परत फिरवली तेव्हा तिचे तळवे मला दिसले. दोन्ही शिवणीवर. अगदी बरोबर. आणि मग ती नेहमीप्रमाणे सगळं अंग माझ्या हातावर टाकत खाली आली, आणि तिथे काही नव्हतं. ती उजव्या हातावर पडली. हाड मोडल्याचा आवाज मांडवात शेवटपर्यंत ऐकू गेला असावा.

इथवर भित्रेपणा झाला. भित्रेपणा एका क्षणाचा असतो, त्याला कदाचित कुणी माफही करेल. पुढे जे केलं ते मी सावकाश, विचार करून, शुद्धीत केलं. रावसाहेब उठून आले, म्हणाले, "काय झालं हो मास्तर?" आणि मी म्हणालो, "हात चुकला तिचा. शिवणीच्या अलीकडे पडला."

सगळ्यांना पटलं. का नाही पटणार? मी मास्तर.

मल्लय्यालाही मी तेच सांगितलं. तो पोरीवर तेलुगूत काहीबाही ओरडला. नरसू मनगट छातीशी धरून बसली होती. रडत नव्हती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, बस. कुंभारी गावाकडचा एक धनगर मेंढरांचे मोडलेले पाय बसवायचा, माणसांचीही हाडं बसवायचा. त्याच्याकडे तिला बैलगाडीतून नेलं. मी बरोबर गेलो. रस्ताभर गाडीच्या प्रत्येक धक्क्याला ती दात आवळत होती, आणि मी तिच्या डोक्यावर छत्री धरून बसलो होतो. छत्री धरायला हात होता माझ्याकडे!

हाड बसलं. पण मल्लय्याने वर्ग बंद म्हणून सांगितलं, आणि त्याचं काय चुकलं? मनगट अधू झालं असतं तर तिच्या कांड्यांचं काय झालं असतं? मला सुटल्यासारखं वाटलं. ती डोळ्यांसमोर नको होती. पण एका सकाळी बघतो तर आक्का नरसूला घेऊन दारात उभी. म्हणाली, "मास्तर, चूक पोरीची हाय म्हणालात नव्हं? मग चूक काय, सुदरंल की. शिकवा तिला. मी सांगितलंय मल्लय्याला."

बघा कसं असतं ते. माझ्या खोटेपणानेच तिला परत आणलं. चूक माझी म्हटली असती तर मल्लय्याने तिला माझ्या सावलीलाही उभं केलं नसतं.

आणि मग मी ती चूक सुधारायला लागलो. जी नव्हती ती! शिवणीच्याही पुढे चार बोटांवर खडूने रेघ मारली आणि म्हणालो, तळवे इथे पडले पाहिजेत. ती म्हणाली, "मास्तर, लई लांब हाय की हे." मी म्हणालो, जमेल. नाही जमलं. किती आठवडे नाही जमलं. मग तिने धाव लांबवली. फळीवर जास्त जोरात यायला लागली. पाय अधिक उंच उचलायला लागली. मी रोज एक-एक गोष्ट दाखवत गेलो: खांदे सैल सोडू नकोस, नजर घोड्यावर नको, घोड्यापलीकडे ठेव, उतरताना गुडघे वाकव. जीव ओतून शिकवलं, तेवढं मात्र खरं. एक दिवस तळवे रेघेवर पडले, तिचं अंग घोड्यावरून असं सुटलं की माझ्या पुढे केलेल्या हाताच्या वरून ती गेली, आणि दोन पायांवर उभी राहिली. हलली नाही. आक्काने अडकित्ता खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून नरसूने "हात?" विचारणं सोडून दिलं. मला वाटलं, आता तिला गरज राहिली नाही म्हणून. मला तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

पुढच्या समारंभात तिने तीच उडी मारली. मांडव दणाणला. रावसाहेबांनी माझी पाठ थोपटली, नोकरी पक्की झाली. पडलेल्या मुलीची चूक हेरून तिला अशी उभी करणारा मास्तर! मल्लय्याने माझ्यासाठी स्वतः विणलेला रुमाल आणला, लाल काठाचा. तो अजून पेटीत आहे. वापरायची छाती झालेली नाही.

याला बारा-तेरा वर्षं झाली. नरसूचं लग्न झालं, गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, असलेला नवरा मिळाला, समजूतदार निघाला. विणकरांच्या वस्तीतल्या शाळेत आता ती स्वतः मुलींचा वर्ग घेते. गेल्या रविवारी तिने मला बोलावलं, "मास्तर, या की एकदा, पोरी बघा माज्या." गेलो.

काय सांगू तुम्हाला! पटांगणात वीस-पंचवीस मुली, घोडा जुनाच पण चामडं नवं. फाटकापाशी आईबाप, चुलते, रिकामटेकडे, सगळे बघायला उभे. आणि घोड्याच्या पलीकडे जमिनीवर खडूने आखलेलं एक रिंगण. त्यात झेलायला एक मोठी मुलगी उभी होती. कुणी येऊन उभं राहिलं की ती फाटकाकडे बघायची. नरसू तिच्यापाशी गेली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"ह्या रिंगणातनं पाय भायेर काढायचा न्हाय. समोर कोन मोटं मानूस बसलंय, ते बघायचं न्हाय. तिनं 'हात?' म्हटलं, तू 'हाय' म्हणालीस. मग हाय म्हंजे हाय."

ती माझ्याकडे बघत नव्हती. मला टोचायला बोललीच नाही ती. रोज सांगत असेल तसंच सांगत होती. पण मला कळलं. त्या दिवशी घोड्यावरून तिची नजर पलीकडे होती. माझी मान वळलेली तिने पाहिली होती. हात जाताना पाहिला होता. बारा-तेरा वर्षं तिला माहीत होतं, आणि माहीत असूनही ती माझ्यासमोर रोज त्या खडूच्या रेघेपर्यंत धावत राहिली.

मग ती वळली आणि म्हणाली, "मास्तर, ही पोरगी दमली. तुमी हुबं ऱ्हावा की जरा."

मी चपला काढल्या. रिंगणात जाऊन उभा राहिलो. फाटकाशी कुणीतरी काहीतरी बोललं, कुणीतरी हसलं. लांब टोकाला आठ-नऊ वर्षांची एक चिमुरडी कासोटा सावरत उभी होती. तिने जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि किनऱ्या आवाजात विचारलं, "हात?"

नरसू घोड्याच्या बाजूला कमरेवर हात ठेवून उभी होती, वाट बघत होती.

मी म्हणालो, "हाय."

त्या दिवशी उन्हं चढेपर्यंत मी तिथे उभा होतो. फाटकाकडे बघितलं नाही. एकही मुलगी पडली नाही. निघताना नरसूने पाण्याचा तांब्या पुढे केला, "पुढल्या रविवारी या," म्हणाली. तेव्हाही मी तिला काही सांगितलं नाही. येतो म्हणालो.

उद्या रविवार आहे. मी जाणार आहे. पोरींचा वर्ग सुटल्यावर सगळ्यांदेखत, फाटकाशी जमणाऱ्या त्या माणसांदेखत, जे नरसूला माहीत आहे तेच तिला सांगणार आहे. आधी इथे लिहून ठेवलं, म्हणजे उद्या माझी मान पुन्हा वळायला नको.

नरसूचे हात चुकले नव्हते. दोन्ही तळवे शिवणीवर पडले होते. हात माझा नव्हता तिथे.