लेबलाच्या मागची ओळ

पालमच्या बाजारात अजूनही चार-सहा दुकानांच्या पाट्या नागनाथ पेंटरच्या हातच्या आहेत. फ्लेक्स आल्यापासून त्याच्याकडे फारसे कोणी फिरकत नाही. अक्षराखेरीज त्याने आयुष्यात जपले ते एकच माणूस, धाकटी बहीण दैवशाला. दारूने तिचा नवरा नेला तेव्हा तीन वर्षांच्या अपेक्षाला काखेत घेऊन ती पेडगावहून भावाच्या दारात आली. पुढे बायकांनी दारूचे दुकान बंद करायला मतदान मागितले, त्या वेळी भिंतीभिंतीवर बंदीची खूण असलेली आडवी बाटली नागनाथनेच रंगवली.

तीच अपेक्षा आता पुण्यात लेबलांची डिझाइने करते. दिवाळीला ती आली ती एक काम घेऊनच. नाशिककडच्या एका कंपनीची भारी वाइन निघणार होती, नाव ‘सांजवेळ’. त्यांना कम्प्युटरचे नको, हाताचे अक्षर हवे होते. अपेक्षाने मामाचे नाव सुचवले होते. तिच्या वाट्याला आलेले हे पहिलेच मोठे काम.

“मामा, पाटी एवढीच हाय,” तिने तळहात दाखवला.

“भिंती रंगवून म्हातारा झालो, आन् आता शिशीवर लिवायला लावतीस व्हय?” नागनाथ हसला. मग आवाज खाली आणून त्याने विचारले, “आईला सांगितलंस?”

“न्हाई. तुमीच सांगा.”

दोन दिवस त्याला धीर झाला नाही. भाचीला नाही म्हणवेना आणि बहिणीच्या पाठीमागे लिहवेना. शेवटी ज्वारी निवडत बसलेल्या दैवशालापुढे त्याने लेबलाचा कागद ठेवला आणि काम सांगितले.

“वाइन म्हंजे दारूच ना?” तिने विचारले.

“दारूच.”

“मग मला कशाला इचारायलास, दादा? पोरगी तुझीबी हाय.”

ती पुन्हा सुपात बघू लागली. रागावली असती तर बरे, असे त्याला वाटले.

त्याने अपेक्षाला बोलावले. बाटलीच्या मागच्या लेबलावर काय काय असते, हे विचारून घेतले. द्राक्षाची जात, वर्ष, गाव आणि सगळ्यात खाली कायद्याचा इशारा.

“ती खालची ओळबी मीच लिवणार. वाचता आली पाहिजे. न्हाई तर समोरचं नावबी न्हाई.”

अपेक्षाचा चेहरा उतरला. “मामा, ती ओळ कुणी वाचत न्हाई. कंपनी दुसरा माणूस बघंल.”

“बघू दे.”

ती कंपनीशी फोनवर भांडली, विनवण्याही केल्या. तिसऱ्या दिवशी निरोप आला: हात मामाचा चालेल, जागा मात्र तेवढीच मिळेल. नागनाथने समोरचे नाव एका सकाळीत उतरवले. ‘मद्यपान आरोग्यास घातक आहे’ ही ओळ लिहायला त्याला चार दिवस लागले. भिंतीला सरावलेला हात तांदळाएवढ्या अक्षरात मावत नव्हता. कागदामागून कागद त्याने फाडले.

माघात अपेक्षा एक रिकामी बाटली घेऊन आली. नागनाथने ती बहिणीच्या हातात दिली. समोरच्या नावावर दैवशालाने नुसती नजर टाकली आणि बाटली फिरवली. वाचायला ती उशिरा शिकलेली. अक्षराखाली बोट ठेवून, ओठ हलवत तिने ती ओळ लावली. तेवढा वेळ नागनाथला वर बघवले नाही.

“एवढीच जागा देतेत याला?”

“एवढीच.”

“लय बारीक हाय. पण येतंय वाचता, दादा,” ती म्हणाली आणि तिने पुन्हा पहिल्या अक्षरावर बोट ठेवले.