बीचवरचं अठरा बाय नऊ

ऑफिसच्या बीच पिकनिकला व्हॉलीबॉल आहे म्हटल्यावर माझ्या अंगात वारं शिरलं. पुण्यात मी कॉलेजच्या टीममध्ये होतो, हे ऑफिसात सगळ्यांना ऐकवून ऐकवून झालेलं. "कोर्ट मी आखतो," असं सांगून टाकलं. सोबत यायला लेकही तयार झाली. पंधरा वर्षांची आहे. एरवी माझ्याबरोबर कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंतसुद्धा यायची नाही. शाळेत बीच व्हॉलीबॉल खेळते, म्हणून आली. मराठी सगळं कळतं तिला, पण बोलते इंग्रजीतच. तिच्या तोंडी मराठीतला एकच शब्द टिकलाय, 'बाबा'.

आमच्याकडे ग्राउंड आखायचं म्हणजे फक्की हवी. ती चुन्याची पांढरी पूड इथे परदेशात कुठून मिळायला? जॉन्सनव्हिलच्या इंडियन दुकानातून तांदळाचं पीठ आणलं. सगळ्यांच्या आधी पोचून दोरी ताणली, अठरा मीटर लांब, नऊ रुंद. मधली रेघ मारली आणि तिच्या दोन्ही बाजूंना तीन मीटरवर अटॅक लाइन. वाळूत ओणवं राहून कंबर धरली, पण चौकोन असा फर्मास जमला की मीच त्याचा फोटो काढला.

लोक जमले. लेक रेघांकडे बघत होती. मग अगदी जवळ आली आणि हळूच, अडखळत, चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, हे... आतल्या कोर्टचं आहे. बीचवर सोळा आणि आठ. मधे लाइन नसते."

माझं टाळकंच सटकलं. ही मला व्हॉलीबॉल शिकवणार! सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी तिला इंग्रजीत सुनावलं, की कोर्ट अठरा बाय नऊच असतं, मी युनिव्हर्सिटी खेळलोय, तू कालची पोर. युनिव्हर्सिटी ही थाप होती, खेळलो होतो ते फक्त कॉलेजकडून.

माझ्या मॅनेजर बाईंनी गाडीतून एक पिशवी आणली. तिच्यात बीच कोर्टच्या तयार निळ्या पट्ट्या होत्या. "ऑल गुड," म्हणत त्यांनी त्या माझ्या रेघांच्या आत अंथरल्या. दोन्ही टोकांना एकेक मीटर आणि कडांना अर्धा-अर्धा मीटर माझं पीठ बाहेर उरलं. त्यावर सीगल उतरले आणि खायला लागले. लोक हसले, मीही हसल्यासारखं केलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डोक्यात उजेड पडला तो त्यानंतर. त्या सगळ्या घोळक्यात मराठी फक्त आम्हा दोघांना येत होतं. चारचौघांत माझी शोभा होऊ नये म्हणून पोरीने ते शब्द कुठून कुठून गोळा केले होते. आणि मी इंग्रजीत, सगळ्यांसमोर, तिचा पाणउतारा केला होता. ती खेळलीच नाही. जँडल्स, म्हणजे रबरी चपला, हातात घेऊन पाण्याच्या कडेने एकटी फिरत राहिली.

परतताना गाडीत मी म्हणालो, "चुकलं गं माझं."

खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "इट्स फाइन, डॅड."